ऊन-थंडी येते आणि जाते. मग गाव बदलायचं की नाही?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४. सोबत अध्याय ६ मधला श्लोक ११ उघडून ठेवा, पुढे लागेल.

श्लोकाचा अर्थ

भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख हे अनुभव येतात. ते येतात आणि जातात, टिकत नाहीत. म्हणून ते सहन कर.

यातले दोन शब्द आज नीट पाहायचे आहेत. पहिला 'आगमापायी', म्हणजे येणारं आणि जाणारं. दुसरा 'तितिक्षा', म्हणजे सोसणं.

नागपूरकरांना हा श्लोक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. नवतपाचे नऊ दिवस, वाळ्याच्या ताट्या, कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी, खिशात कांदा आणि दुपारी ओस पडलेले रस्ते. 'उष्ण' या शब्दावर आपण सगळे भाष्यकार आहोत!

प्रश्न कुठून आला

सध्या आमच्या घरात एक चर्चा सुरू आहे. माझं काम आता कायमचं घरूनच आहे. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की मी कुठूनही कोड लिहू शकतो. मग छिंदवाड्याला राहायला का जाऊ नये? रस्त्याने साधारण सव्वाशे किलोमीटर. वाटेत सौंसर लागतं, तिथे मराठी ऐकू येते आणि जवळच जामसावळीचा मारुती आहे. घरभाडं आत्ताच्या जवळपास निम्मं. आणि सातपुड्यावरची थंड हवा. तसंही १७०२ मध्ये नागपूर वसवणारा बख्तबुलंद शाह देवगडचा, म्हणजे छिंदवाड्याकडच्या डोंगरातूनच खाली आलेला. आपण उलट दिशेने वर जायचं, इतकंच!

पण खरं कारण बाबा. त्यांची बायपास झालेली आहे. मागच्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं आणि दोन दिवस सलाइनवर काढावे लागले. यंदा मी छिंदवाड्याचा विषय काढला तर म्हणाले, "सत्तर उन्हाळे काढले मी इथं, आता काहून पळायचं? तूच रोज गीता लिहितो ना? सहन कर म्हणते ती."

उत्तर सुचलं नाही. म्हणून पुन्हा श्लोकाकडे गेलो.

तितिक्षा कोणाची?

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त तितिक्षेची व्याख्या फार कडक आहे. दुःखावर उपाय न शोधता, त्याची चिंता न करता, रडगाणं न गाता ते सोसणं. वाचताना वाटतं, संपलंच! कूलरसुद्धा लावायचा नाही की काय?

पण ही व्याख्या कुठे येते ते बघा. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान, या साधकाच्या सहा गुणांमध्ये. हे सहाही स्वतःपुरते आहेत. माझा दम मी करायचा. माझी तितिक्षा मी करायची. दुसऱ्याच्या वतीने कोणी उपास धरू शकत नाही, तसंच दुसऱ्याच्या वतीने कोणी ऊनही सोसू शकत नाही.

म्हणजे बाबा स्वतःबद्दल "मी सोसीन" म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि मला त्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पण मी भाडं, शिफ्टिंग, मुलीची शाळा हे सगळे व्याप टाळायचे म्हणून "गीता सांगते सहन करा" असं त्यांना म्हणालो, तर तो श्लोकाचा गैरवापर. माझी सोय आणि त्यांचा देह, यांच्यामध्ये मी भगवंतांना उभं केल्यासारखं होईल.

हे फक्त उन्हापुरतं नाही. घरात, ऑफिसात "जरा ॲडजस्ट कर" असं आपण कोणाला म्हणतो, तेव्हा एकदा तपासावं की ही तितिक्षा मी स्वतः करतोय, की दुसऱ्याकडून करवून घेतोय?

जागा बदलायला गीतेची ना आहे का?

आता सहावा अध्याय. ध्यानाला बसणाऱ्यासाठी भगवंत जागेचं वर्णन करतात: स्वच्छ ठिकाण, स्थिर आसन, फार उंच नाही, फार सखल नाही. यावर माउलींनी ज्ञानेश्वरीत तर एक सुंदर रानच उभं केलं आहे. पावलोपावली निर्मळ पाणी, मुळापासून गोड अशी दाट झाडं, मंद वारा, आणि ऊनसुद्धा कोवळं, गारवा देणारं. एकदा बसलं की उठावंसं वाटू नये अशी जागा.

म्हणजे दुसऱ्या अध्यायात थंडी-ऊन सहन कर म्हणणारी गीताच सहाव्यात जागा पारखून निवड म्हणते. यात विरोध नाही. चांगली जागा निवडायला हरकत नाही, पण ती कशासाठी हवी आहे ते आधी माहीत हवं. सहाव्या अध्यायात आधी साधना आहे, मग तिच्यासाठी जागा. आपण बहुतेक वेळा आधी जागा शोधतो आणि 'तिथे गेलो की साधना करू' म्हणतो.

विनोबांचं स्थलांतर

याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९३८ मध्ये विनोबांची तब्येत फार खालावली होती. वजन ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलोवर आलं होतं. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जा, असा गांधीजींचा आग्रह होता. विनोबांनी निवडलं पवनार! वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटर, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला. ऊन वर्ध्याचंच. पण पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या कामाचे सगळे विचार मनाने सोडून दिले. तिथे विश्रांती, माफक आहार आणि शेतात थोडं खणणं, एवढंच ठेवलं. काही महिन्यांत तब्येत सुधारली, आणि पवनारच पुढे त्यांचं कायमचं ठिकाण झालं.

गीताईचा कर्ता जागा बदलायला तयार होता, हे लक्षात घ्या. "मी स्थितप्रज्ञ, मला काय फरक पडतो" असं तो म्हणाला नाही. पण आपल्याला नेमकं काय उतरवून ठेवायचं आहे हे त्याला माहीत होतं. थंडी नव्हे, ओझं. म्हणून ८ किलोमीटर पुरले.

मग आमचं काय ठरलं?

मी आधी इंजिनिअरसारखं गणित मांडलं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, छिंदवाडा सुमारे ६७५. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, असं धरलं तर फरक निघतो दोन-अडीच अंशांचा. रात्री बऱ्यापैकी गार होत असतील, पण मे महिना तिथेही मे महिनाच. दुसरीकडे, बाबांचे हृदयाचे डॉक्टर इथे पंधरा मिनिटांवर आहेत, तिथून घाट उतरून यायला अडीच-तीन तास. आईचं गुरुवारचं भजनी मंडळ इथे आहे. आणि भाड्यात वाचणाऱ्या पैशांचं काय करणार, या प्रश्नाला माझ्याकडे "साठवीन" याशिवाय उत्तर नव्हतं.

मग 'आगमापायी' हा शब्द पुन्हा वाचला. जे येतं आणि जातं, त्याला कायमचं उत्तर कशाला? सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल: वर्षातून काही आठवडे लोड वाढतो म्हणून आपण बारा महिने दुप्पट सर्व्हर चालू ठेवत नाही. लोड आला की वाढवतो, उतरला की कमी करतो.

म्हणून यंदा एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत आई-बाबा आणि मी छिंदवाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणार. डॉक्टरांना विचारलं आहे, औषधं आणि तिथल्या दवाखान्याचा पत्ता सोबत असेल. शाळा संपली की बायको आणि मुलगी येतील. घर नागपुरातच राहील. पैसे वाचणार नाहीत, उलट थोडे जास्तच जातील. बाबा तयार झाले, पण एका अटीवर: जाताना जामसावळीला थांबायचं.

पुढच्या वर्षी कदाचित कायमचं जाऊही. पण तो निर्णय ४५ अंशांच्या दुपारी घ्यायचा नाही, आणि भाड्याच्या आकड्याकडे बघूनही नाही. दिवाळीत, हवा बरी असताना, सगळ्यांनी बसून घ्यायचा. मला वाटतं, या श्लोकातलं 'सहन कर' एवढंच मागतं: उन्हाला किंवा थंडीला निर्णय घेऊ देऊ नकोस. जायचं की राहायचं ते तू शांतपणे ठरव.

आजचा अभ्यास

तुमच्यापैकी कितीतरी जण पुणे-बंगळूरची भाडी बघून किंवा दिल्लीची हवा बघून याच विचारात असतील. वहीत तीन प्रश्न लिहा आणि खरी उत्तरं द्या.

१. मला त्रास देणारी गोष्ट येणारी-जाणारी आहे की कायमची?
२. मी राहिलो तर कोणाला सोसावं लागेल, आणि गेलो तर कोणाला?
३. नव्या जागी मी रोज काय करणार आहे, जे आज इथे करत नाही? ते आजपासून इथेच दहा मिनिटं करता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बॅग भरायच्या आधी तिथूनच सुरुवात करू.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या वाट्याचं ऊन सोसायचं बळ मला दे. माझ्या माणसांच्या वाट्याचं ऊन मला दिसू दे. आणि जिथे ठेवशील तिथे तुझं नाव सुटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!