वाळवलेली आमटी गडावर चालेल का?

प्रश्न : आम्ही चौघं डिसेंबरात रतनगड, कात्राबाईची खिंड, हरिश्चंद्रगड अशी तीन दिवसांची चाल करणार आहोत. घरी शिजवून वाळवलेलं जेवण सोबत न्यायचा विचार आहे. मागे फोडणीचं वरण दोन दिवस उन्हात वाळवून पाहिलं. काही पुड्यांना लगेच आंबूस वास आला, उरलेल्या महिन्याभराने खवट झाल्या. आई म्हणते, वाळवलेल्यात सत्त्वच राहत नाही. मग हा नाद सोडावा का? — एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : नाद सोडू नका. दोन वास आले म्हणजे चुका दोन झाल्या, आणि दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी सत्त्वाचं पाहू. वाळवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं, तेवढ्यापुरतं आईंचं म्हणणं बरोबर आहे. पण डाळीतली प्रथिनं, भातातलं पिष्ट आणि क्षार जवळपास सगळे टिकतात. तीन दिवसांच्या चालीला शरीर मागतं ते हेच. आणि उन्हाळ्यात सांडगे घालणाऱ्या घराला हे तंत्र नवं नाही. वाटलेल्या डाळीत मीठमसाला घालून वाळवायचं आणि हवं तेव्हा पाण्यात उकळून कालवण करायचं, हेच तर त्यात असतं.

आता आंबूस वास. सांडग्याचं पीठ कच्चं आणि घट्ट असतं, शिवाय चैत्र-वैशाखाचं ऊन कडक असतं. शिजलेलं वरण पातळ. ते ताटात जाड थराने ओतलं की वरून पापुद्रा धरतो, आतलं पाणी कोंडतं आणि रात्रीच्या गारव्यात जंतू वाढतात. वाळवण्याने जंतू मरतात हा मोठा गैरसमज आहे. पाणी नसल्यामुळे ते फक्त वाढत नाहीत, आणि पाणी काढायला वेळ लागला तर तेवढ्या वेळात ते आपलं काम उरकतात. म्हणून शिजवलेलं अन्न उन्हात वाळवू नये. घरगुती विजेचं वाळवणीयंत्र किंवा ६० अंशांपर्यंत खाली येणारी भट्टी घ्या. भट्टीचं दार बोटभर उघडं ठेवा म्हणजे वाफ बाहेर पडेल.

खवट वास तेलाचा. पाणी उडतं, तेल उडत नाही. ते मागे राहतं आणि हवेतल्या प्राणवायूने बिघडतं. म्हणून डाळ बिनफोडणीची शिजवा. हळद, तिखट, मीठ, कोरडा मसाला आणि वाफवून बारीक केलेला कांदा-टोमॅटो घालून ती घोटा आणि बेकिंग पेपरवर अगदी पातळ पसरा. सहा ते दहा तासांत तिचा पापडासारखा पापुद्रा सुटतो. तो गार होऊ द्या, मग मोडून पाहा. कडकन मोडला तर झाला, वाकला तर परत आत. गरम असताना तपासाल तर नक्की फसाल, कारण गरम पापुद्रा वाळलेला असूनही मऊ लागतो. मग मिक्सरमधून भरड काढा. मुगाची डाळ सर्वांत लवकर पूर्ववत होते. बटाटा उकडूनच वाळवा, कच्चा काळा पडतो. फोडणीचं तेल छोट्या बाटलीतून वेगळं न्या.

भाताबद्दल एक भ्रम असतो. शिजवून वाळवलेला भात कच्च्या तांदळापेक्षा हलका होत नाही, कारण तांदूळ मुळात कोरडाच असतो. फायदा आहे तो वेळेचा आणि गॅसचा. हरिश्चंद्रगडाच्या सुमारे १४०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कच्ची तूरडाळ कुकरशिवाय दमवते. वजन खरं वाचतं ते भाजीत : टोमॅटोत ९४ टक्के पाणी असतं, किलोभर टोमॅटोचे जेमतेम ६०-७० ग्रॅम उरतात. मात्र काढलेलं पाणी गडावर परत घालावंच लागतं, तेव्हा मुक्काम पाण्याच्या टाक्याजवळच ठरवा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भरण्याची, कारण लोक तिथेच घाई करतात. वाळलेला जिन्नस लगेच पिशवीत कोंबू नका. काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर ठेवा आणि रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या. श्रीरामपूरच्या कोरड्या हवेत बरणी उघडी राहिली तरी एक वेळ चालून जातं. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, रतनवाडी-घाटघरच्या बाजूला, पावसाळ्यात हवाच ओली असते आणि हिवाळ्यातही पहाटे तंबू दवाने भिजतो. तिथे एकदा उघडलेली मोठी पिशवी दुसऱ्या दिवशी चिकट झालेली असते. म्हणून एका जेवणाची एक पिशवी करा. भाताचे कडक दाणे आणि डाळीचे टोकदार तुकडे पातळ प्लॅस्टिकला भोक पाडतात. जाड झिपची पिशवी घ्या, आत कागदाची पुडी करा, हवा दाबून काढा. वर तारीख आणि पाण्याचं माप लिहा. आमटीच्या ५० ग्रॅम भरडीला साधारण ३०० मिलिलिटर पाणी लागतं. निघेपर्यंत पिशव्या फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

गडावर भरड पातेल्यात वीस मिनिटं भिजवा, पाच मिनिटं खळखळून उकळा आणि झाकण ठेवून मफलर गुंडाळा. दहा मिनिटांत आमटी तयार. उकळतं पाणी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतू नका. आणि उरलेली आमटी सकाळसाठी ठेवू नका, पाणी मिळताच जंतूही जागे होतात.

पहिला प्रयोग घरीच करा. निघायच्या आधी एक पिशवी भिजवून, शिजवून, पोटभर खाऊन पाहा. तिन्ही दिवसांचं सगळं जेवण मात्र पाठीवर नेऊ नका. पाचनईत आणि हरिश्चंद्रगडावर गावकरी पिठलं-भाकरी करून देतात, त्यावर त्यांचं घर चालतं. शेवटच्या दिवसाचं जेवण त्यांच्याकडेच घ्या. रिकाम्या पिशव्या एकूण एक मोजून परत आणा, हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.