डिश गेली, वायर राहिली

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास अनेक देशी घरांच्या छपरावर बंद डिश अजून उभी आहे. हिंदी-मराठी वाहिन्या इंटरनेटवर गेल्या, डिशचं बिल थांबलं, पण छपरापासून तळघरापर्यंत नीट ओढलेली वायर तशीच आहे. तीच वायर अँटेनाला चालते. न्यूयॉर्कच्या २, ४, ५, ७, ११, १३ या वाहिन्या तिच्यावरून फुकट आणि एचडीत दिसू शकतात. भिंतीला नवं भोक पाडायची गरज नाही.

वेष्टनावर ‘आरजी-६’ छापलंय का ते बघा. डिशकडून या वायरीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झचे सिग्नल येत होते. टीव्हीचे ६०८च्या वर जात नाहीत. म्हणजे वायर पुरेशी आहे. घोळ होतो तो वाटेतल्या डब्यांमुळे.

सर्वांत आधी डिशचा रिसीव्हर आणि, असेल तर, पॉवर इन्सर्टर प्लगमधून काढा. ही उपकरणं त्याच वायरीतून वर डिशला वीज पाठवतात. अँटेना जोडल्यावर ती चालू राहिली तर शॉर्ट होऊ शकतं. मग छपरापासून टीव्हीपर्यंत वायरीचा माग काढा. मल्टिस्विच, डिप्लेक्सर, डिशचे स्प्लिटर, जे जे वाटेत भेटेल ते काढा. यातली काही उपकरणं टीव्हीचा सिग्नल जाऊ देतात, काही अडवतात. ओळखत बसण्यापेक्षा सगळीच काढलेली बरी. सुटलेली दोन टोकं एका साध्या बॅरल कनेक्टरने जोडा. फक्त ग्राउंडिंग ब्लॉकला हात लावू नका. तो अर्थिंगसाठी आहे आणि अँटेनालाही लागतो. अँटेनाच्या खांबालाही तांब्याच्या जाड वायरीने अर्थिंग द्या.

छपरावरून तीन-चार वायरी खाली आल्या असतील तर नेमकी कोणती कुठे जाते? खालच्या टोकाला नऊ व्होल्टची बॅटरी लावा आणि वरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. जिथे नऊ व्होल्ट दिसतील ती आपली. वरचं कनेक्टर गंजलं असेल, आतली जाळी काळी पडली असेल, तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा आणि नवं कॉम्प्रेशन कनेक्टर बसवा. इथे आळस केला तर पहिल्या पावसातच चित्र फुटतं.

डिश उतरवून तिच्या खांबावर अँटेना बसवता येतो. दिशा मात्र बदलावी लागते. एडिसनमधली डिश साधारण नैऋत्येकडे तोंड करून असते आणि मॅनहॅटनचे टॉवर ईशान्येला, सुमारे २५ मैलांवर. ७, ११ आणि १३ या वाहिन्या व्हीएचएफवर आहेत, म्हणून नुसता यूएचएफचा अँटेना घेऊ नका. सोसायटीने, म्हणजे एचओएने, हरकत घेतली तर एफसीसीचा १९९६पासूनचा नियम दाखवा: स्वतःच्या ताब्यातल्या जागेत टीव्हीचा अँटेना लावायला सहसा मनाई करता येत नाही. सामायिक छपराला तो नियम लागू नाही. वर विजेच्या तारा असतील तर शिडी लावूच नका, माणूस बोलवा.

छपरावर चढण्याआधी एक चाचणी करा. अँटेना जमिनीवर ठेवून लहान वायरीने थेट टीव्हीला जोडा, सेटिंगमध्ये ‘अँटेना’ निवडून स्कॅन करा आणि आलेल्या वाहिन्या लिहून ठेवा. वर बसवल्यावर घरच्या वायरीतून पुन्हा स्कॅन करा. उंचीवर वाहिन्या वाढायला हव्यात. कमी झाल्या, तर एखादा डबा वाटेत राहिला आहे किंवा कनेक्टर सैल आहे.

एकाहून जास्त टीव्ही असतील तर ५ ते १००० मेगाहर्ट्‌झचा साधा स्प्लिटर लावा. प्रत्येक वाटणीत सिग्नल घटतो, म्हणून लागतील तेवढीच तोंडं असलेला घ्या. बूस्टर विकत घ्यायची घाई नको. टॉवर इतके जवळ असताना तो फायद्यापेक्षा त्रासच जास्त देतो. केबल इंटरनेटच्या मोडेमची वायर अँटेनाच्या वायरीला चुकूनही जोडू नका.

मराठी वाहिन्या या अँटेनावर येत नाहीत. त्यांच्यासाठी इंटरनेटचं पॅकेज चालू ठेवावंच लागेल.