थंडीची लाट येण्यापूर्वी

मार्गशीर्ष-पौषातल्या ज्या रात्री आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि उत्तरेकडून आलेली कोरडी हवा शिवारावर स्थिरावते, त्या रात्री दिवसभर साठविलेली उष्णता भूमी वेगाने गमावते आणि थंड होऊन जड झालेली हवा उताराने ओघळत सखल भागात साचते. २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला. कडाका पराकोटीला पोहोचतो तो सूर्योदयाच्या सुमारास. त्याचा बंदोबस्त मात्र आदल्या दिवशी उजेडीच झाला पाहिजे. म्हणून हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा, आणि ज्यांची बाग ओढ्याकाठी वा खोलगट जागी आहे त्यांनी शेजाऱ्याच्या माळावरील बागेवरून आपला अंदाज बांधू नये.

द्राक्षबागेस या दिवसांत दुहेरी धोका असतो. कोवळ्या मण्यांची फुगवण थांबते, तर साखर भरत आलेल्या मण्यांना तडे जातात. शिवाय थंड रात्री व उष्ण दुपार यांच्या तफावतीने हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात, ज्याला बागायतदार पिंक बेरी म्हणतात. यास्तव मण्यात पाणी उतरण्यापूर्वीच घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा. ओलसर जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते आणि हिवाळ्यात विहिरीचे पाणी हवेहून उबदार असते, तेव्हा रात्री उशिरा ठिबकने पाणी द्यावे. शेकोट्यांविषयी एक आग्रहाचे सांगणे आहे: एकच मोठा जाळ करू नये, कारण त्याची ऊब सरळ वर निघून जाते, ओळींच्या मोकळ्या जागेत पुष्कळ लहान शेकोट्या मंदपणे जळत ठेवाव्यात. काडीकचरा व ओले गवत संध्याकाळीच जागोजाग रचून ठेवावे. कृषिपंपांची वीज पाळीपाळीने मिळते, म्हणून रात्रीच्या पाण्याची तजवीज एकट्याने न करता एका रोहित्रावरील सर्वांनी मिळून करणे हेच श्रेयस्कर.

जळगावकडील केळीची निसवण थंडीने अडकते; तेथे बागेच्या कडेने शेवरीचे वा गजराज गवताचे कुंपण असावे आणि घडांवर आच्छादन घालावे. गोठ्यास वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचे पडदे, वासरांखाली कोरडे पाचट आणि पहाटे बर्फासारखे पाणी न पाजण्याची दक्षता, एवढे पुरे.

फळपीक विम्यात कमी तापमानाची भरपाई नजीकच्या हवामान केंद्रातील नोंदीवरून ठरते. गारपिटीचे जादा संरक्षण घेतले असेल, तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली पाहिजे. सातबारा, विम्याची पावती व बँकेचे पासबुक यांच्या प्रती आधीच एकत्र बांधून ठेवाव्यात.

परंतु या साऱ्या तयारीत जे नेहमी शेवटी आठवते, ते माझ्या मते प्रथम यावयास हवे. पेठ-सुरगाण्याहून बागांच्या कामास आलेली आणि ऊसतोडीसाठी कोपी उभारून राहिलेली कुटुंबे तान्ह्या मुलांसह पाचटाच्या वा प्लॅस्टिकच्या आडोशाखाली उघड्या जमिनीवर निजतात. ज्या घडास आपण कागद लावतो, त्याची विरळणी याच हातांनी केलेली असते. त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी बागमालकाची, कारखान्याची आणि ग्रामपंचायतीची आहे. लाटेचा इशारा मिळताच समाजमंदिर वा शाळेची पडवी त्यांना मोकळी करून द्यावी, पाचटाचा जाड थर, ताडपत्री व घोंगड्या पुरवाव्यात, आणि वृद्ध, बाळंतीण व दम्याचे रुग्ण कोठे राहतात याची यादी आशाताईंकडे असावी. बंद खोलीत वा झाकलेल्या कोपीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणासही निजू देऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि निजलेल्याला त्याची चाहूल लागत नाही. शेकून झाले की शेगडी बाहेर काढावी, निखारे पाण्याने विझवावेत, आणि मगच दार लोटावे.