रात्रीचं पाणी आणि खिशातली बॅटरी

बाळा, यंदापासून रात्रीची दारं तू धरणार. गमबूट घेतलेस, काठी आहेच. आता बॅटरी. दुकानात गेलास की ती जास्तीत जास्त किती उजेड पाडते ते आधी विचारू नकोस. सगळ्यात मंद ठेवली तर किती तास चालते, ते विचार. रात्रीची लाईट आठ तास असली, तर बॅटरी दहा तास जळायला हवी. बाकीचं त्यानंतर.

बांधावरून चालताना पायापुढची दोन-तीन पावलं दिसली की काम भागतं. उजेड लुमेनमध्ये मोजतात; त्याला २० ते ३० लुमेन पुष्कळ झाले. दोन जाड सेलांची पितळी बॅटरी आपल्याकडे होती ना, तिचा पिवळा बल्ब याच्या आसपासच उजेड द्यायचा, आणि त्यावर तुझ्या आजोबांनी ऊस भिजवला.

सेलाचं गणित एकदा समजून घे. सेल म्हणजे पाण्याची टाकी; तोटी जितकी मोठी सोडशील तितकी ती लवकर रिकामी होणार. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलात, एलईडी बरी असेल तर, मोटामोटी २०० लुमेन-तास असतात. म्हणजे २० लुमेनवर दहा तास. १०० लुमेनवर दोन तास निघायला हवेत, पण तेवढेही निघत नाहीत, कारण अल्कलाइन सेलाला जोराचा करंट झेपत नाही, तो दमतो. लिथियमचा १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या प्रतीचा असेल तर त्यात हजाराच्या आसपास लुमेन-तास मावतात. तो ३० लुमेनवर लावलास तर एका चार्जिंगमध्ये दोन-तीन रात्री सहज जातील.

आणि डोळ्याची गंमत बघ. उजेड चौपट केला तरी डोळ्याला तो दुपटीच्या आसपासच वाटतो. उलट बाजूने बघ, म्हणजे तुझा फायदा कळेल: उजेड चौथ्या हिश्श्यावर आणलास तर दिसायला निम्मा झाल्यासारखं वाटेल, पण सेल चौपट टिकेल. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याची बॅटरी पहाटे विझत नाही.

खोक्यावरचे आकडे वाचायला शीक. चांगल्या कंपन्या एफएल-१ नावाच्या अमेरिकन पद्धतीने मोजतात. ती २००९ साली आली. त्यात उजेड मोजतात तो बॅटरी लावल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत. आणि चालण्याचा वेळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणून ‘१००० लुमेन, ३ तास’ लिहिलं असेल तर तीन तास हजार लुमेन मिळतील असं समजू नकोस. बोटाएवढी बॅटरी हजार लुमेनवर इतकी तापते की काही मिनिटांत तिचं सर्किटच उजेड खाली आणतं. पल्ल्याचंही तसंच. ‘२०० मीटर’ म्हणजे तिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो, पाव लक्स. तिथलं जनावर कुत्रं आहे की बिबट्या, हे त्या उजेडात ओळखू येईलच असं नाही. अर्ध्या अंतरावर उजेड चौपट असतो, म्हणून तू १०० मीटरच धर.

१८६५० सेलावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो हातातही घेऊ नकोस. त्या आकारात ३५०० च्या आसपासच मावतं. खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, हलका लागला तर नाद सोड. खोट्या सेलाला आतलं संरक्षण नसतं, आणि लिथियम पेटलं की खिशात पेटतं. तो नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर सुटा ठेवायचा नाही, प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायचा. पेन्सिल सेलासारखाच दिसणारा १४५०० असतो, त्याचा व्होल्टेज ३.७ आहे, साध्या बॅटरीत घातलास तर ती जळेल.

आता नीट ऐक. अल्कलाइन सेल मरताना सांगून मरतो. उजेड पिवळट, मंद होत जातो, तुला घरी यायला वेळ मिळतो. चार्जिंगचा सेल आणि सर्किटवाली बॅटरी शेवटपर्यंत तसाच उजेड देते आणि एकदम विझते. उसाच्या मधोमध. म्हणून चार्जिंगची बॅटरी घेतलीस तर जादा सेल कमरेला हवाच. पेन्सिल सेलांची बॅटरी असेल तर चार्ज लवकर न उतरणारे निकेलचे सेल घे. आधीचे निकेलचे सेल भरून ठेवले तरी पडल्या पडल्या हळूहळू रिकामे होत. २००५ साली सान्योने एनलूप आणले, तेव्हापासून वर्षभर पडून राहिले तरी त्यात बराचसा चार्ज शिल्लक राहतो.

मोबाइलच्या उजेडावर पाणी देऊ नकोस. साप चावला तर १०८ ला फोन लावायला त्यात जीव शिल्लक हवा.

बॅटरी धरायची कमरेपाशी, डोक्यापाशी नाही. खालून तिरका उजेड गेला की प्रत्येक ढेकळाला, काडीला सावली पडते, आणि त्या सावलीमुळेच वेटोळं घातलेलं फुरसं ढेकळापासून वेगळं दिसतं. कपाळावरच्या बॅटरीत डोळा आणि उजेड एकाच रेषेत येतात, सगळं सपाट दिसतं. शिवाय किडे तोंडावर येतात आणि धुक्यात तर नुसता पांढरा पडदा. दोन्ही हात मोकळे हवे असतील, फावडं चालवायचं असेल, तेव्हाच ती लाव. बिबट्याचे डोळे चमकतात, तसे सापाचे चमकतील अशी आशा धरू नकोस. मण्यार रात्रीच हिंडते, काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, आणि ओल्या चिखलात ती डोळ्यांनी शोधावीच लागते. मला त्यासाठी किंचित पिवळसर एलईडी बरी वाटते. निळसर पांढऱ्या उजेडात माती आणि पाचट एकाच रंगाचं होतं.

मोठा उजेड आहे म्हणून उगाच मारू नकोस. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ती मेहनत जाते. ऊस सळसळला, खोकल्यासारखा आवाज आला, तर मात्र सगळा उजेड सोड आणि तो तिकडेच धरून ठेव.

सेल बदलताना दोन्ही एकदम बदल. नव्याबरोबर जुना घातलास तर दमलेला सेल उलटा भरला जातो आणि गळतो. अल्कलाइनची पांढरी भुकटी दिसली तर कापसाला लिंबाचा रस लावून पुस, मग कोरडं कर. ते अल्कली असतं, हात धुऊन टाक. पाळी संपली, पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईट आहे, तर सेल काढूनच ठेव. बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर बंद बॅटरीही थोडी थोडी पीत राहते, तेव्हा मागचं झाकण पाव आटा सैल कर.

नवी आणलीस की एका रात्री घरीच मंदावर लावून आढ्याकडे तोंड करून ठेव आणि दर तासाला वर्तमानपत्र वाचता येतं का बघ. खोक्यापेक्षा ते खरं.

आणि एक बारीक, एका सेलची बॅटरी स्टार्टरच्या पेटीत दोरीने बांधून ठेव. हातातली पाटात पडली तर अंधारात चाचपून तिथपर्यंत येता येतं. तिच्यातला सेल दर दिवाळीला बदल. काढलेला टाकू नकोस, भिंतीवरच्या घड्याळाला तो पुढे कित्येक महिने पुरतो.