आंबा ग्राहकांच्या यादीतील खास रकाने उतरवून घेण्याची पद्धत

हापूसच्या पेट्या दलालाकडे न पाठविता मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट पोचविणारे बागायतदार कोकणात आता बरेच आहेत. त्यांपैकी काहीजण हंगामाची सूचना ई-मेलने देतात व त्यासाठी मेलचिंपसारखी सेवा वापरतात. पत्र जाण्यास ई-मेलचा पत्ता पुरतो, पेटी पोचण्यास मात्र तो पुरत नाही. इमारत व मजला, पिनकोड, किती डझन, आंबा कच्चा हवा की अढीत पिकविलेला, कोणत्या तारखेला हवा, ही माहिती आपण स्वतः तयार केलेल्या खास रकान्यांत असते. आपल्या धंद्याचे भांडवल ते हेच. ते परक्याच्या संगणकावर ठेवून निर्धास्त राहू नये. मेलचिंपचीच टायनीलेटर ही सेवा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली; ज्यांना आपली यादी हवी होती त्यांना ती मुदतीआधी उतरवून घ्यावी लागली.

हे काम मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत उरकावे. काढणी सुरू झाल्यावर सवड मिळत नाही.

प्रथम ऑडियन्स या विभागात जाऊन सर्व ग्राहकांची यादी उघडावी. पडद्यावर सगळे रकाने दिसतीलच असे नाही. तेवढ्यावरून माहिती गेली असे समजू नये, कारण न दिसणारा रकानाही साठ्यात असतो. सेटिंगमध्ये ऑडियन्स फील्ड्स या ठिकाणी सर्व रकान्यांची नावे व प्रत्येकाचे लघुनाव मिळते. ती वहीत उतरवून घ्यावीत. येथे एक मोठा धोका आहे. नको असलेला रकाना काढून टाकला तर त्यातील सर्व ग्राहकांची माहिती कायमची जाते. रकाना नकोसा वाटल्यास तो फक्त लपवावा.

त्यानंतर एक्सपोर्ट ऑडियन्स ही आज्ञा द्यावी. यादी गाळून पाहत असाल तर तेवढाच भाग उतरेल, म्हणून आधी गाळणी काढावी. थोड्या वेळाने बांधलेली फाईल मिळते. तिच्यात चालू ग्राहक, यादीतून नाव काढलेले व पत्ता बाद झालेले यांच्या सीएसव्ही फाईली वेगवेगळ्या असतात. त्या एकत्र करू नयेत. ज्याने नाव काढले त्यास पुन्हा पत्र पाठविणे गैर आहे आणि धंद्यासही बाधक आहे.

खरी नासाडी यापुढे होते. आपण फाईलवर दोनदा टिचकी मारतो व ती एक्सेलमध्ये उघडते. मराठीत लिहिलेले पत्ते बऱ्याचदा वेड्यावाकड्या चिन्हांत दिसतात. ९१ जोडलेला १२ आकडी फोन क्रमांक आखूड होऊन भलत्याच रूपात दिसतो, आणि त्याच स्थितीत फाईल साठविली तर शेवटचे आकडे जातात. "पाच ते सहा डझन" या अर्थाने इंग्रजी आकड्यांत लिहिलेले ५-६ हे एक्सेल तारीख समजते. तारखेचे तर विचारूच नका. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो, त्यामुळे १० एप्रिलची मागणी ४ ऑक्टोबरला जाऊन बसते. ऑक्टोबरात हापूस कोठून आणणार?

यासाठी फाईल थेट उघडू नये. कोरी एक्सेल वही घेऊन डेटा विभागातील फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही या मार्गाने ती आत आणावी, लिपीसाठी ६५००१ म्हणजे युनिकोड यूटीएफ-८ निवडावे व माहितीचा प्रकार ओळखू नये असा पर्याय द्यावा. मूळ फाईल हात न लावता वेगळी जपावी. त्यानंतर दहा-बारा ग्राहक निवडून त्यांची नोंद मागील वर्षाच्या पावत्यांशी ताडून पाहावी.

घरातील मुलगा-मुलगी प्रोग्रॅम लिहून यादी थेट सेवेकडून मागवीत असेल तर एवढे सांगावे: मागणीत संख्या न दिल्यास पहिले १० ग्राहकच येतात, व एका वेळी जास्तीत जास्त १००० मिळतात. मोठी यादी टप्प्याटप्प्याने मागवावी. यासाठी लागणारी गुप्त किल्ली बाहेरच्या कोणास देऊ नये. ती तिजोरीच्या किल्लीसारखीच आहे.

नवे रकाने करताना पिनकोडासाठी तयार झिप कोड प्रकार निवडू नये, तो अमेरिकेच्या ५ आकडी क्रमांकासाठी आहे. साधा मजकुराचा रकाना घ्यावा. डझनांसाठी मात्र संख्येचाच रकाना ठेवावा, म्हणजे एकूण किती पेट्या व खोके लागतील याची बेरीज काढणीपूर्वी मिळेल.