सेंट कॅथरीनचे प्रार्थनामंदिर : वास्तूचे वाचन

जुन्या वास्तूच्या नावापुढे एकच साल लिहून इतिहासाचा पाठ पुरा करण्याची प्रथा आहे. परंतु पुष्कळ वास्तूंचे वय एका सालात सांगता येत नाही. जुने गोवे येथील सेंट कॅथरीनचे लहानसे कॅथलिक प्रार्थनामंदिर हे याचे उत्तम उदाहरण होय.

दिनांक २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे जिंकले. तो दिवस संत कॅथरीनचा. म्हणून तिच्या नावाने येथे प्रार्थनास्थान उभारले गेले. १५३४ मध्ये त्यास कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा दर्जा मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने त्याचा विस्तार केला. १५६२ मध्ये जवळच विशाल से कॅथीड्रलचे काम सुरू झाले व हे मंदिर मागे पडले. १९५२ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. १९८६ पासून गोव्याच्या चर्चसमूहाबरोबर त्याची जागतिक वारशात गणना होते.

इमारत कोकणपट्टीतील जांभ्या दगडाची आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत टणक होतो. दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांस एकेक मनोरा आहे. आत वेदीखेरीज फारशी सजावट नाही. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ, अर्धपारदर्शक तावदाने असत. त्यांच्या खुणा टिकून आहेत. आराखडा युरोपचा, पण दगड व शिंपले याच भूमीचे, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी.

आल्बुकर्क येथील दरवाजातून नगरात शिरला, असे काब्रालच्या काळचा शिलालेख सांगतो. नगर घेतल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. ही हकीकत आल्बुकर्कने स्वतः आपल्या राजास पत्राने कळविली होती. शिलालेखात मात्र तिचा उल्लेख नाही. शिलालेख हा पुरावा खरा, परंतु तो जेत्याने लिहविलेला असतो, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे.

गोवे दूर असले तरी हा अभ्यास आपल्या जिल्ह्यातही करता येतो. औंढा नागनाथाच्या मंदिराचे खालचे कोरीव दगडी काम व त्यावरील शिखर यांची घडण भिन्न आहे. तेथे सहल नेऊन मुलांना तीन प्रश्न द्यावेत : कोणता भाग आधीचा दिसतो? दगड कोणता आहे? लेख असल्यास तो कोणी लिहविला? उत्तरे मुलांनी स्वतः पाहून वहीत लिहावीत. पाठ केलेले साल विसरते. डोळ्यांनी पाहिलेला सांधा विसरत नाही.