वडिलांचे फेरिटिन, मुलाचे लोह

गेल्या वर्षी इंदूरच्या माझ्या दवाखान्यात बारा वर्षांचा एक मुलगा आला. वजन 66 किलो, मानेवर काळसर पट्टा, सोनोग्राफीत यकृतात चरबी, हिमोग्लोबिन 10.6. वडिलांनाही हाच विकार. त्यांचे फेरिटिन 410 होते. ‘रक्तात लोह फार झाले आहे’ असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. परिणामी लोखंडी तवा माळ्यावर गेला आणि मुलाची शाळेतील साप्ताहिक निळी गोळीही बंद झाली.

फेरिटिन हे लोहसाठ्याचे माप खरे. परंतु दाह असला की साठा न वाढताही ते वाढते. मेदयुक्त यकृताच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत ते वाढलेले आढळते. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन संपृक्तता पाहावी. वडिलांची 27 टक्के निघाली. ती 45 च्या वर असती तर हिमोक्रोमॅटोसिसचा विचार करावा लागला असता. अशा रुग्णांचे रक्त काढून फेरिटिन उतरवण्याचा प्रयोगही झाला. नियंत्रित चाचणीत त्याने यकृतातील चरबी कमी झाली नाही.

मुलाचे चित्र उलटे होते. फेरिटिन 52, म्हणजे अहवालानुसार ‘नॉर्मल’. मीही क्षणभर त्या शब्दाला भुललो. परंतु सीआरपी वाढलेले होते आणि संपृक्तता अवघी 11 टक्के. दाह असताना पाच वर्षांवरील मुलांत 70 पेक्षा कमी फेरिटिन ही लोहाची कमतरता समजावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले आहे.

असे का होते? मेदपेशींतील दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते. ते आतड्यातील पेशींच्या फेरोपोर्टिन या दाराला कडी घालते. अन्नातले लोह आत येते, पण रक्तात उतरत नाही. म्हणूनच स्थूल मुलांत गोळ्यांचा गुणही सावकाश येतो, आणि वजन उतरवणे हा लोहाच्याही उपचाराचा भाग ठरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. एमसीव्ही कमी असून संपृक्तता नीट असेल तर लोह देण्यापूर्वी हिमोग्लोबिन ए-2 तपासावे. सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या आपल्या शहरात थॅलेसेमिया मायनर विसरून चालत नाही.

उपचाराच्या मात्रेत लोह दिल्यावर तीन महिन्यांनी मुलाचे हिमोग्लोबिन 11.8 झाले. तवा माळ्यावरून खाली आला आहे. वजन मात्र दोनच किलो उतरले. रविवारच्या पोहे-जलेबीवर आमची वाटाघाट अद्याप चालू आहे.